माहेर चंदगडला, सासर खानापूरला: तिचा जीव वाचवायचं काम नेमकं कुणाचं?

सीमाभागातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं आतलं पान उघडा. ‘विवाहितेची विहिरीत उडी’, ‘स्टोव्हच्या भडक्यात सून भाजली’, ‘कौटुंबिक वादातून पत्नीचा खून’ यातली एखादी बातमी सापडतेच. गाव बदलतं, वय बदलतं, पण बातमीचा शेवटचा परिच्छेद सहसा बदलत नाही. दोघांत वारंवार खटके उडत होते, मध्यंतरी ती माहेरी निघून आली होती, पाहुणे मंडळींनी बैठक घालून तिला पुन्हा नांदायला पाठवलं होतं.

बातमीत सगळ्यात महत्त्वाचा मजकूर हाच असतो आणि आपण तोच वाचायचा सोडून देतो. कारण त्याचा सरळ अर्थ असा की हे मरण अचानक आलेलं नव्हतं. ते येताना दिसत होतं. शेजाऱ्यांना दिसत होतं, माहेरच्यांना दिसत होतं, कधी दवाखान्यातल्या नर्सला, कधी ठाण्यातल्या हवालदारालाही दिसत होतं. पण दिसलेल्या या तुकड्यांची जुळणी करून ‘ही बाई धोक्यात आहे, आज काहीतरी करा’ असं म्हणणं हे कुणा एकाचं काम नव्हतं. आणि जे काम कुणा एकाचं नसतं, ते होत नाही.

घरगुती हिंसाचाराविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, हेल्पलाइन आहे, सखी केंद्र आहे, समुपदेशन आहे. नाही ते एवढंच की मृत्यू टाळणं हेच ज्याचं उद्दिष्ट आहे आणि ज्याला एक जबाबदार प्रमुख आहे, असा जिल्ह्याचा प्रकल्प. सीमाभागात तर ही उणीव दुप्पट होते, कारण इथं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असतं.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदले गेले. पती किंवा सासरच्यांकडून छळ या कलमाखाली त्याच वर्षी सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे दाखल झाले. यात एक मेख आहे. हुंडाबळी म्हणून नोंद व्हायची तर लग्नाला सात वर्षं झालेली नसावीत आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं पाहिजे. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या, संशयातून मारल्या गेलेल्या बाईचा आकडा खुनात मिसळतो. जिनं छळाला कंटाळून औषध घेतलं, तिचा आत्महत्येत. स्टोव्ह भडकला म्हणून सांगितलं गेलं, तर अपघातात. ‘घरगुती हिंसेतले मृत्यू’ असा वेगळा रकानाच आपल्या सरकारी नोंदीत नाही. जे मोजलंच जात नाही, ते कमी झालं की वाढलं हे कोण सांगणार?

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, २०१९ ते २१ चा. नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांचं प्रमाण देशात २९ टक्क्यांच्या आसपास होतं. महाराष्ट्रात ते २५ टक्के, गोव्यात ८ टक्के, तर कर्नाटकात ४४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. कर्नाटकातल्या बायका जास्त मार खातात की जास्त मोकळेपणानं सांगतात, यावर वाद होऊ शकतो. पण याच सर्वेक्षणातली पुढची ओळ वादाच्या पलीकडची आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही, कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. त्यातल्या बहुतेक जणी गेल्या त्या माहेरच्यांकडे. पोलिसांकडे जाणाऱ्या फारच थोड्या.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिची पहिली हाक माहेरी जाते. सीमाभागातलं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मरणाच्या आधीच्या खुणा

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिचर्या शास्त्राच्या प्राध्यापक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मेलेल्या बायकांची प्रकरणं तपासायला घेतली. मारहाण तर हजारो घरांत होते. त्यातल्या नेमक्या कुठल्या घरात जीव जातो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून धोका मोजणारी एक प्रश्नावली तयार झाली. पुढं मेरीलँड राज्यात २००५ च्या सुमारास तिची छोटी, अकरा प्रश्नांची आवृत्ती गस्तीवरच्या पोलिसांच्या हातात दिली गेली.

भांडणाच्या ठिकाणी गेलेला पोलीस बाईला बाजूला घेऊन विचारतो. त्यानं तुझ्यावर कधी हत्यार उचललं का? जिवे मारायची धमकी दिली का? तो तुला मारून टाकील असं तुला स्वतःला वाटतं का? या तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तरी प्रकरण अतिधोक्याचं धरायचं. मग पुढचे प्रश्न. कधी गळा आवळला का? सारखा संशय घेतो का, पाळत ठेवतो का? तू घर सोडून गेली होतीस का? त्याला काम आहे का? त्यानं स्वतः मरायची धमकी दिली किंवा तसा प्रयत्न केला का? यातल्या चार प्रश्नांना ‘हो’ असेल तरी प्रकरण त्याच यादीत. मग त्या पोलिसानं तिथूनच, तिच्या समोर, मदत केंद्राला फोन लावायचा. ‘उद्या ठाण्यात या’ असं म्हणून निघून यायचं नाही.

या प्रश्नांतल्या दोन गोष्टी आपल्याकडे नेमक्या उलट समजल्या जातात.

पहिली गळा आवळण्याची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा जोडीदारानं आधी गळा आवळलेला असतो, तिचा पुढं खून होण्याची शक्यता सात पटींनी वाढलेली असते. आपल्या ठाण्यात मात्र गळा आवळला आणि वळ दिसत नसला, की ती किरकोळ मारहाण ठरते आणि एनसी नोंदवून बाईला घरी पाठवलं जातं. डोकं फुटून टाके पडले तर गुन्हा मोठा. धोक्याच्या दृष्टीनं पाहिलं तर वळ नसलेला गळाच जास्त गंभीर.

दुसरी घर सोडण्याची. आपल्याला वाटतं, बाई माहेरी आली म्हणजे सुटली. अभ्यास सांगतो की ती निघून जाते किंवा जायचं ठरवते, तो काळच सर्वांत धोक्याचा. तिच्यावरची पकड सुटतेय हे पुरुषाला तेव्हाच कळतं. म्हणजे पाहुणे मंडळी बैठक घालून ‘जा बाई, संसार आहे, भांड्याला भांडं लागतंच’ म्हणून तिला गाडीत बसवतात, ते नेमकं याच काळात.

अर्थात अमेरिकेतली यादी जशीच्या तशी खानापुरात चालणार नाही. तिथं एक प्रश्न बंदुकीचा. इथं रॉकेल, कीटकनाशक आणि विहीर यांचा विचार करावा लागेल. तिथं मारणारा एकटा. इथं सासू, दीर, नणंदही त्यात असतात. तिथं खून मोजायचे. इथं छळातून झालेली आत्महत्याही त्याच खात्यात धरावी लागेल. हुंड्याची, जागेसाठी पैसे आणण्याची मागणी, मुलगी झाल्यानंतरचा छळ, तिचा फोन काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, हे आपले प्रश्न. यादी आपली आपण करावी लागेल. पण यादी असू शकते आणि ती साध्या हवालदाराला वापरता येते, एवढं तर तिथं सिद्ध झालंय.

एक टेबल, एक यादी

प्रश्न विचारून भागत नाही. उत्तरं मिळाल्यावर कुणी काय करायचं, हे ठरलेलं लागतं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या कार्डिफ शहरात २००३ साली यासाठी एक साधी पद्धत सुरू झाली. पोलीस, दवाखाना, घरकुल खातं, बालकल्याण खातं आणि पीडित बाईच्या बाजूनं बोलणारी एक प्रशिक्षित सल्लागार, हे सगळे ठरावीक दिवशी एका टेबलाभोवती बसतात. समोर यादी फक्त अतिधोक्यातल्या बायकांची. एकेका नावावर थोडाच वेळ चर्चा होते, पण प्रत्येक जण आपल्याकडची माहिती ठेवतो. पोलीस सांगतो, त्याच्यावर दारूच्या दोन केसेस आहेत. दवाखाना सांगतो, ती तीन महिन्यांत दोनदा येऊन गेली. शाळेकडून कळतं, पोरगा आठवडाभर आलेला नाही. तीन कार्यालयांतल्या तीन किरकोळ नोंदी एकत्र आल्या की चित्र एकदम बदलतं. मग कुणी काय करायचं ते लिहून घेतात आणि पुढच्या बैठकीत ‘झालं का?’ म्हणून विचारतात. आज ही पद्धत ब्रिटनभर आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टमध्ये २००५ मध्ये असंच पथक उभं राहिलं आणि २०१३ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं मृत्यू रोखण्याच्या खास प्रकल्पासाठी देशातली १२ ठिकाणं निवडली.

यात जादू काही नाही. स्पेनमध्ये २००७ पासून पोलीस संगणकावर धोक्याची पातळी काढतात. तिथंही ‘कमी धोका’ असा शेरा पडलेल्या बायका मारल्या गेल्या आणि त्यावरून टीका झाली. प्रश्नावली ही माणसाच्या डोळ्यांची जागा घेत नाही. बाई ‘मला भीती वाटते’ म्हणत असेल आणि कागद ‘धोका कमी’ म्हणत असेल, तर बाईचं ऐकायचं, हा धडा तिथल्या चुकांतून आपल्याला आयता मिळतोय.

आपल्या कायद्यात हे आधीच आहे

अनेकांना ठाऊक नसतं, पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात यातलं बरंच काही आहे. कायद्याखालच्या नियमांमध्ये बाईसाठी ‘सुरक्षा आराखडा’ भरायचा नमुना दिलेला आहे. पुन्हा काय होईल अशी तिला भीती वाटते आणि त्यावर कोणता उपाय करायचा, हे त्यात लिहायचं असतं. हिंसा चालू आहे किंवा होण्याची शक्यता आहे अशी खात्रीलायक खबर फोनवरून मिळाली, तरी संरक्षण अधिकाऱ्यानं लगेच पोलिसांची मदत घेऊन तिथं जायचं, असंही नियम सांगतो. आणि ही खबर बाईनंच द्यावी असं नाही. कलम ४ प्रमाणे कुणीही देऊ शकतं. भाऊ, शेजारीण, आशाताई, शाळेतले गुरुजी. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर कसली जबाबदारी येत नाही.

अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. गरज पडल्यास नवऱ्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देता येतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जीव वाचवायला आधी अटकच करावी लागते असं नाही. छळाच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. तेव्हापासून ‘आमचे हात बांधलेत’ असं उत्तर ठाण्यात ऐकू येतं. अटकेचे हात बांधले असतील, संरक्षणाचे नाहीत.

मग अडलं कुठं? माणसांत. कर्नाटकात संरक्षण अधिकाऱ्याचं काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्या आहेत त्यांच्याकडे. गोव्यात ते गटविकास अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आलं. पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचं काम, योजनांचे मेळावे आणि त्यातच हे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला की जिथं संरक्षण अधिकारी नाहीत तिथं जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू होऊन साडेअठरा वर्षं झाल्यावर!

सीमेवर काय होतं

समजा, मुलगी चंदगड तालुक्यातली, दिली खानापूर तालुक्यात. रात्री अकरा वाजता तिचा आईला फोन येतो, ‘हा कोयता घेऊन बसलाय’. आणि फोन कट. आई घाबरून ११२ फिरवते. पण ११२ चा फोन लागतो तो, जिथून केला त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाला. आईचा फोन महाराष्ट्रात लागला. कोयता कर्नाटकात आहे. तिकडून ‘हद्द आमची नाही, तुम्ही तिकडच्या ठाण्याला कळवा’ असं उत्तर आलं, तर तिकडच्या ठाण्याचा नंबर आईकडं कुठून असणार? आणि मिळाला तरी पलीकडून कानडीत विचारलं तर ती काय सांगणार? अशा वेळी ती गावातल्या एखाद्या ओळखीच्या पुढाऱ्याला उठवते. दोन राज्यांची यंत्रणा बाजूला राहते आणि पोरीचा जीव मोबाइलमधल्या ओळखीवर लटकतो.

दवाखान्याचंही तसंच. चंदगड भागातली माणसं मोठ्या उपचाराला बेळगावला येतात, दोडामार्ग-सावंतवाडीकडची बांबोळीला जातात. औषध घेतलेली किंवा भाजलेली सून राज्य ओलांडून दाखल होते. दवाखान्याच्या चौकीत एमएलसी नोंद होते, कागद मूळ ठाण्याकडे पाठवायचा असतो. तो पोचेपर्यंत ती एकतर गेलेली असते, नाहीतर डिस्चार्ज घेऊन त्याच घरात परतलेली असते. दवाखान्यानं ‘ही घरी गेली तर पुन्हा येईल का?’ हा प्रश्न विचारायचा म्हटलं, तरी तो विचारून कळवायचं कुणाला, ते ठरलेलं नाही.

भाषेचा मुद्दा टाळून चालणार नाही. ज्या बाईला कानडी वाचता येत नाही, तिचा जबाब कानडीत लिहिला जातो आणि ती खाली सही करते. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती देणाराला वाचून दाखवायची आणि प्रत मोफत द्यायची, हे कायद्यात आहे. पण वाचून दाखवणं म्हणजे तिला समजेल अशा भाषेत सांगणं, हे गृहीत धरलं जात नाही. ‘त्यानं गळा दाबला’ आणि ‘त्यानं धक्काबुक्की केली’ यात एका शब्दाचा फरक. धोक्याच्या यादीत तो जीव-मरणाचा. हैदराबादमध्ये तेलुगूत, बडोद्यात गुजरातीत जबाब देणाऱ्या मराठी सुनेचीही हीच गोष्ट, आणि कोल्हापुरात दिलेल्या कन्नड मुलीचीही. हा कुणा एका भाषेविरुद्धचा मुद्दा नाही.

कायद्यानं मात्र सीमा कधीच पुसल्यात. हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथं कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो आणि तो आदेश देशभर चालतो. ९ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सासरहून हाकललेली बाई जिथं आसऱ्याला आली, तिथंही छळाची तक्रार देऊ शकते. नव्या फौजदारी प्रक्रियेत हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यानं गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची आहे. कागदावर सीमा नाही. ती उरलीय फोनच्या तारेत, टपालात आणि ‘आमची हद्द नाही’ या वाक्यात.

शेजाऱ्यांकडून घेण्यासारखं

आपली माणसं अनेक राज्यांत पसरलेली आहेत, तर त्या राज्यांत काय चाललंय हेही पाहायला हवं. गुजरातमध्ये ‘अभयम’ १८१ वर फोन केला की समुपदेशक आणि महिला पोलीस असलेली गाडी दारात येते. बाईनं ठाण्यात जायची वाट बघितली जात नाही. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांमध्ये महिला मदत कक्षांचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथं असे कक्ष नीट चालले तिथं बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली आणि गुन्हे दाखल होण्यातली वाढ मुख्यतः महिला अधिकारी असलेल्या कक्षांत दिसली. हैदराबादचं ‘भरोसा’ केंद्र २०१६ पासून पोलीस, वैद्यकीय, कायदेशीर मदत एका छताखाली देतं. मुंबईत १९८४ पासून पोलिसांच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केलेला महिलांसाठीचा विशेष कक्ष आहे आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र दाखवून देतं की सरकारी दवाखान्यातली परिचारिकाही अशी बाई ओळखू शकते.

प्रत्येक राज्याकडे एकेक चांगला भाग आहे. कुणाकडे गाडी, कुणाकडे कक्ष, कुणाकडे दवाखाना. हे सगळे भाग एका जिल्ह्यात, एका माणसाच्या हाताखाली आलेले नाहीत, एवढंच.

प्रकल्प चालवायचा तर

बेळगावसारख्या जिल्ह्यात असा प्रकल्प उभा करायला नवा कायदा लागत नाही, फार मोठा निधीही लागत नाही. लागतात त्या पाच-सहा गोष्टी.

प्रमुख जिल्हाधिकारी असावेत आणि त्यांच्या हाताखाली पूर्णवेळ एकच काम असलेला समन्वयक असावा. ज्याच्याकडे दहा कामं आहेत, त्याच्याकडे हे अकरावं देऊ नये. ठाणं, सरकारी दवाखाना, सखी केंद्र आणि आशाताई या सगळ्यांकडे एकच धोक्याची प्रश्नावली असावी, कन्नड आणि मराठी दोन्हींत. ती बाईला एकटीला विचारायची. सासूला शेजारी बसवून नव्हे. अतिधोक्याची उत्तरं आली की त्याच दिवशी नाव समन्वयकाकडे जावं. दर पंधरा दिवसांनी टेबल बसावं आणि तातडीच्या प्रकरणात थांबू नये.

सीमेपलीकडे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोव्यात एकेक ठरलेला अधिकारी असावा, त्याचा फोन चोवीस तास लागावा. ११२ च्या दोन्ही नियंत्रण कक्षांनी फोन तोडायचा नाही, पलीकडे जोडून द्यायचा. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. पावसाळ्यात अलमट्टीतून किती पाणी सोडायचं यावर दोन राज्यांचे अधिकारी बोलतातच. निवडणूक आली की सीमेवरच्या चेकपोस्टसाठी दोन्हीकडचे पोलीस बैठका घेतातच. पाण्यासाठी आणि दारूच्या बाटल्यांसाठी जो समन्वय जमतो, तो बाईच्या जिवासाठी का जमू नये?

समेटाचा नियमही बदलायला हवा. समुपदेशन वाईट नाही. साध्या भांडणात ते कामाचं आहे. पण ज्या प्रकरणात धोक्याचे प्रश्न ‘हो’ म्हणतायत, त्यात बैठक घालून नांदायला पाठवणं बंद झालं पाहिजे, मग ती बैठक तंटामुक्ती समितीची असो, ठाण्यातली असो की भावकीची. कायद्याखालचे नियमही सांगतात की समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन मांडता येणार नाही. आणि कामाचं माप बदला. ‘किती समेट झाले’ हा रकाना अहवालात मानाचा असेल, तर कर्मचारी समेटच करत राहतील. यादीतल्या किती बायकांना पुन्हा मार बसला नाही, किती जणी जिवंत आहेत, हे माप हवं.

शेवटचा भाग मृत्यूनंतरचा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकारी, बहुतेक वेळा तहसीलदार, चौकशी करतात. त्या चौकशीचा हेतू मृत्यू कसा झाला हे पाहणं. ‘मरणाच्या आधी ही कुठं कुठं गेली होती आणि प्रत्येक ठिकाणी तिला काय उत्तर मिळालं?’ हा प्रश्न त्यात नसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून अशा मृत्यूंचा फेरविचार करणं कायद्यानं सक्तीचं आहे. दोषी शोधण्यासाठी ते नसतं. कुठली फट राहिली हे शोधण्यासाठी असतं. आपल्याकडे निदान वर्षातून एकदा जिल्ह्यातल्या अशा सगळ्या फायली एकत्र वाचल्या, तरी कुठल्या ठाण्यात, कुठल्या दवाखान्यात वाट अडते ते आरशासारखं दिसेल.

आक्षेप येतील

खोट्या तक्रारी वाढतील, असं म्हटलं जाईल. पण ही यादी कुणाला तुरुंगात टाकत नाही. ती फक्त लक्ष ठेवायला सांगते; गुन्हा सिद्ध करायचा तो न्यायालयात. माणसं कमी आहेत, असं म्हटलं जाईल. खरं आहे, म्हणूनच सगळ्या प्रकरणांवर थोडं थोडं न करता अतिधोक्याच्या मोजक्या नावांवर जोर द्यायचा. यादी फुटेल, गावभर होईल, हा आक्षेप मात्र सगळ्यात गंभीर. तालुक्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांचे पाहुणे असतात. बाई बोलली हे नवऱ्याला कळलं तर यादीच तिच्या जिवावर उठेल. त्यामुळं टेबलाभोवती माणसं मोजकी, कागद कुलपात आणि फोडणाऱ्यावर कारवाई, हे पहिल्या दिवसापासून हवं.

सरकार कधी जागं होईल ते होवो. तोवर माहेरच्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. लेक ज्या तालुक्यात दिलीय तिथल्या ठाण्याचा आणि संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर फोनमध्ये असू द्या. तिकडची १८१ हेल्पलाइन तिला पाठ असू द्या. आणि लेकीनं कधी ‘तो मला मारून टाकील’ किंवा ‘त्यानं गळा दाबला’ असं म्हटलं, तर ते रागाच्या भरात बोललीय असं समजू नका. ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहून जवळच्या ठाण्यात द्या, पोच घ्या, आणि हद्दीचं कारण सांगितलं तर कायदा हद्द मागत नाही हे ठामपणे सांगा. त्यानंतर कुणी बैठक घालायला आलं, तर तिला गाडीत बसवण्याआधी एवढंच विचारा: पुढच्या महिन्यात काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, त्याचं नाव सांगा.